वाळूतले चौदा ठिपके

एका जंगलात कड्याखाली एक गुहा होती. दिवस मावळायच्या सुमारास ससे, खारी, तितर असे लहान जीव तिथे आसऱ्याला येत. दाराची शिळा साळिंदर आतून सरकवी, पण ती सरकवायला सांगायची दारावर बसलेली मैना. अंधुक उजेडात तिला चेहरे ओळखू येत नसत. म्हणून ती रोज एक नवे गणित घाली आणि येणाऱ्याने उत्तर दारापुढच्या पांढऱ्या वाळूत मांडायचे. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरपी, म्हणजे पाच. तिथल्या शाळेची हीच रीत होती. पिल्लांना मात्र गणिताशिवाय आत घेत.

मुलांनो, एका संध्याकाळी डोंगरापलीकडची एक सशीण त्या दाराशी आली. वणव्यात तिचे घर जळाले होते. तिची दोन पिल्ले आधीच आत गेली होती. मैनेने विचारले, सात घरट्यांत दोन-दोन अंडी, तर एकूण किती? सशिणीने झटकन उत्तर मांडले. तिच्या डोंगरावर चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि मधोमध एक, म्हणजे पाच. तसे दोन पुंजके तिने काढले आणि पुढे चार सुटे ठिपके.

"हे काय, रांगोळी काढलीत?" मैना म्हणाली.

"आमच्याकडे असंच मांडतात, मैनाताई. चौदाच आहेत."

"इथे रेघा लागतात. उद्या शिकून या."

सशिणीने पिल्लांची नावे घेऊन विनवले, पण मैनेने मान फिरवली. इतक्यात पाचोळा वाजला. सशीण करवंदीच्या जाळीत शिरली आणि श्वास रोखून बसली.

कोल्हा आला होता. काल त्याने लपून सगळे पाहिले होते. शिळेच्या सावलीतून पंजा पुढे करून त्याने कालचेच उत्तर वाळूत उतरवले: रेघांचे दोन जुडगे आणि तीन सुट्या रेघा. मैनेने वरूनच नजर टाकली. रेघा कशा सरळ, नेटक्या होत्या. तिने साळिंदराला शिळा सरकवायला सांगितले.

शिळा करकरली. फटीतून पिल्लांचा वास आला. गप्प राहिले तर आपण वाचू, हे सशिणीला कळत होते. तरी ती बोलली.

"मैनाताई, मोजून बघा. ते तेराच आहेत."

कोल्हा गर्रकन वळला आणि त्याने जाळीत तोंड खुपसले. मैनेने आता कुठे रेघा मोजल्या. तेरा. मग तिने ठिपके मोजले. पाच, दहा, चौदा. तेवढ्यात जाळीबाहेर हलणारी झुपकेदार शेपटी तिला दिसली.

"दादा, धावा. बाहेर कोल्हा आहे."

साळिंदर काटे खुळखुळवत बाहेर आले. नाकात दोन काटे रुतल्यावर कोल्हा विव्हळत पळाला. पण तोवर सशिणीचा एक कान फाटला होता.

दुसऱ्या दिवशी मैना सशिणीपुढे बसून ठिपक्यांचे पाच शिकली. पुढे कुणीही नवा आला की ती आधी विचारी, "तुमच्याकडे पाच कसे मांडतात?" आणि मग एकेक खूण मोजी. सशीण रोज दारातून आत जाई, तेव्हा तिचा तो फाटका कान मैनेला अंधुक उजेडातही दिसे.

तात्पर्य : मांडण्याची रीत वेगळी म्हणून उत्तर चूक ठरवू नये, आणि रीत ओळखीची म्हणून ते न तपासता बरोबरही मानू नये.