सरासरीखालचं कौल

“फोडलंत? पुन्हा फोडलंत? पंत, हात झडतील तुमचे!”

“जिभेला आवर घाल, ठके! हे कौल सरासरीखालचं आहे.”

“काल तुम्हीच पसंत केलं होतंत की ते!” ठकू कुंभारीण कडाडली.

“कालची सरासरी वेगळी. हलकी कौलं फोडली, तशी उरलेल्यांची सरासरी वर चढली. आज पुन्हा तोललं, तर हे हलकं निघालं!” असं म्हणून त्र्यंबकपंत कारभाऱ्यांनी आणखी एक कौल फरशीवर आपटलं. फट्!

सोनघळच्या राजवाड्यात ठिकऱ्यांचा डोंगर झाला होता आणि राजवाड्याचं डोकं मात्र बोडकंच! त्याचं असं झालं, की एका पाहुण्या गणित्याने मानाजीराजांना सरासरी शिकवली. सगळ्यांची वजनं मिळवायची आणि सगळ्यांत सारखी वाटायची. राजे हरखले. नवं खेळणं मिळालेल्या पोराने घरभर आपटावं, तसा त्यांनी हुकूम आपटला, “आमच्या छपरावर सरासरीखालचं एकही कौल चढणार नाही!” आणि दरबारात एकालाही हसू आलं नाही. पगारी माणसं ती, हसतील कशी?

ठिकऱ्यांचा आवाज ऐकून राजे स्वतःच बाहेर आले.

“बाई, पुढच्या भट्टीतलं एक जरी कौल सरासरीखाली निघालं, तर भट्टी विझवू आणि मातीची खाणही काढून घेऊ!”

ठकूचा नवरा मागे ठेवून गेला होता तो एवढाच संसार, ती भट्टी आणि ती खाण. माती गेली तर कुंभारणीने काय खायचं? पण रडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने पदर खोचला.

“कबूल, महाराज! पण मी पडले अडाणी. सरासरीखालचं एकही ठेवायचं नाही म्हणजे कसं, ते एकदा मला करून दाखवा.”

“कशावर दाखवू?”

“हा दरबार उभाच आहे की! मिश्या मोजा.”

राजांनी आपल्या मिशीला पीळ भरला. ती भरघोस होती, आणि त्यांना ते ठाऊक होतं. “मोजा!”

“देवडीवरच्या पहारेकऱ्याला, हैबतीलाही बोलवा,” ठकू म्हणाली. “तोही दरबारचंच मीठ खातो.”

पंत सुतळी घेऊन फिरले. सारख्या मिशीवाले एकामागे एक उभे राहिले. मधल्या मापाची रांग पार विहिरीपर्यंत गेली. दोन्ही बाजूंना रांगा आखूड होत गेल्या. एका कडेला नाकाखाली जेमतेम झुरळ चिकटल्यासारखे दोनतीन झुरळमिशे आणि दुसऱ्या कडेला एकटा हैबती, मिश्या कानांवर टाकून!

“अगदी धान्याची रास!” ठकू म्हणाली. “मधे उंच, कडेला उतरती. माझी कौलंही अशीच निघतात, महाराज. बरं, आता सरासरीखालचे बाहेर काढा.”

निम्मा दरबार फाटकाबाहेर गेला. त्यात पहिले पंतच! झुरळमिशांतले ते मुकुटमणी.

“आता उरलेल्यांची सरासरी काढा, पंत. कौलांची काढली तशी.”

पंतांनी फाटकाबाहेरूनच हिशेब केला. आणखी माणसं गेली. पुन्हा हिशेब, पुन्हा माणसं! मिशीला तूप लावणारे सेनापतीही पाय आपटत निघाले.

“अगं, हे थांबणार कधी?” राजे ओरडले.

“राशीची कड कापली, की आतल्या दाण्यांचीच नवी कड होते, महाराज. मोजा, पंत!”

शेवटी अंगणात दोघेच उरले, राजे आणि हैबती. दोघांची सरासरी दोघांच्या मधे. हैबती तिच्यावर, आणि राजे...

पंतांनी फाटकाबाहेर सुतळी पाठीमागे लपवली. ठकूने लांबलचक नमस्कार ठोकला.

“महाराज, फाटक तिकडे आहे. हैबतीदादा, गादी झटकून घ्या!”

हैबती दोन्ही हातांनी मिश्या झाकत म्हणाला, “आये, मला फासावर चढवशील गं तू!”

मग राजांच्या मिश्या हलल्या, पोट हललं आणि ते एवढे हसले, की फाटकाबाहेरचा दरबारही काही न कळताच हसू लागला.

“हरलो, बाई! खाण तुझी, भट्टी तुझी, आणि फोडलेल्या प्रत्येक कौलाचे दुप्पट दाम घे! पण आता कौलं पारखायची कशी?”

“वरून घागरभर पाणी ओता. गळलं तर फोडा. नाही गळलं, तर मग ते शेजारच्याहून हलकं का असेना! जाड असतील ती वळचणीला लावते. तिथे माकडं उड्या मारतात.”

“पण महाराज,” फाटकाबाहेरून पंत कळवळले, “मग सरासरीचं काय? एवढी मेहनत करून काढलेली सरासरी!”

ठकूने कौलांची पाटी डोक्यावर घेतली आणि वळून म्हणाली, “पंत, पाऊस सरासरीवर पडत नाही, डोक्यावर पडतो!”