सुरणाच्या फुलावरची माशी

"अकरा वर्षं फसवलं त्यानं मला. त्याला काय शिक्षा द्यायची, तेवढं सांगा बुवा."

तातोबा उभ्या उभ्याच बोलला. नमस्कार नाही की चमत्कार नाही. खालच्या गावातल्या बाबाचा हा पट्टशिष्य. दर गुरुवारी सगळ्यांसमोर उभा राहून अनुभव सांगायचा, बाबांच्या अंगाऱ्यानं माझा दमा गेला म्हणून. ते ऐकून सगळी पंचक्रोशी तिकडं लोटली. परवा दमा पुन्हा उलटला, तेव्हा याचे डोळे उघडले.

बुवांच्या मठाची बाग मी बघतो. असल्याला मी फाटकातूनच वाटेला लावला असता. बुवा ऐकत राहिले.

"माझं सोडा. थोरली बहीण आहे माझी, गोदाक्का. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून अंगारा खातेय. पायाची जखम काळी पडलीय तिच्या. तिला अजून मी काही बोललो नाही. आधी त्या भोंदूला भर चौकात फोडून काढतो, मग तिला तोंड दाखवतो."

बुवा उठले आणि मठामागं चालू लागले. आम्ही पाठोपाठ.

तातोबानं उपरणं नाकाला लावलं.

"काय मेलंय इथं?"

"काही नाही मेलेलं," मी म्हणालो. "सुरण फुललाय."

दोन फुलं होती. एक कालचं, एक आज सकाळी उमललेलं. रंग सडक्या मांसाचा, वासही तोच. माश्या नुसत्या घोंघावत होत्या.

"माशीला वाटतं, मढं आहे," बुवा म्हणाले. "अंडी घालून जाते. अळ्या निघतात. खायला काही नसतं. मरतात."

"हाच तो. अस्सा उपटून फेकला पाहिजे."

तातोबानं फुलाला हात घातला. बुवांनी त्याचं मनगट धरलं. ऐंशी वर्षांचा माणूस, पण याला हात सोडवता येईना.

"बघ."

कालच्या फुलातून एक माशी बाहेर आली. अंगभर परागाची पिवळी पूड. जरा घुटमळली आणि आजच्या फुलात शिरली.

"आता याला बी धरेल," बुवा म्हणाले.

"पण ती तर फसलेली... तिचा काय दोष?"

"मी दोष म्हणालो?"

तातोबा मटकन खाली बसला.

मग त्यानं हात जोडले.

"मला पदरात घ्या बुवा. इथंच राहतो. तुमची सेवा करतो."

बुवांचा चेहरा लाल झाला. वीस वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"ऊठ आधी. गोदाक्का अंगारा कुणाच्या शब्दावर खातेय?"