टिटवी बोलत नाही

"आधी ग्राफिक्स कार्ड घ्यावं की आधी प्रोसेसर, एवढंच सांगा भंतेजी."

भंते उपसेन चीवराला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला त्यातलं काय कळतं, सर?"

"कळत नाही म्हणूनच तुम्हाला विचारतो. ज्यांना कळतं त्या सगळ्यांना विचारून झालं. दोघांचं एक उत्तर येत नाही."

वैनगंगेच्या काठावरच्या त्या लहान विहारात दुपारी कुणी फिरकत नसे. म्हणूनच डॉक्टर सुदाम खोब्रागडे दुपारचे आले होते. संख्याशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख. गावात लहानथोर सगळे त्यांना सर म्हणत, भंतेसुद्धा. सत्तरी ओलांडलेला माणूस कॉम्प्युटरवर खेळायच्या यंत्राबद्दल भिक्खूचा सल्ला घ्यायला गेला, हे कुणाच्या कानावर जाऊ नये असं त्यांना वाटत होतं.

ते दगडी ओट्यावर टेकले.

"पन्नास हजारांच्या वर मी जाऊ शकत नाही, पेन्शनीत बसत नाही. कार्ड भारी घेतलं तर प्रोसेसर त्याला पुरा पडत नाही. प्रोसेसर भारी घेतला तर कार्ड धापा टाकतं. दोन्ही मधले घेतले तर वर्षभरात दोन्ही जुने. वापरलेलं घ्यावं, तर आधीच्या माणसानं ते किती राबवलं असेल कोण सांगणार? एक जण म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबा, भाव उतरतील."

"आणि दुसरा?"

"चढतील म्हणतो."

भंतेंनी दातानं दोरा तोडला.

"यंत्र हवं कशाला?"

"खेळायला." सरांनी हे होता होईल तितकं सहज म्हटलं. "आत्ताच्या कॉम्प्युटरवर तो खेळ कसाबसा चालतो. पुढच्या महिन्यात त्याची नवी आवृत्ती येते आहे. ती यावर सुरूच होणार नाही."

"मग खेळू नका."

"तसं नाही करता येत."

नदीकडून वारा आला. भंतेंनी सुईत दुसरा दोरा ओवला, त्यात बराच वेळ गेला. सरांना वाटलं, आता 'का' म्हणून विचारतील. भंतेंनी विचारलं, पण वेगळंच.

"एकटेच खेळता?"

"पाच जणांचा गट असतो. बर्फातून औषधांचा गाडा न्यायचा, डोंगरापलीकडच्या गावात. वाटेत लुटारू येतात, दऱ्या लागतात. पाचांनी मिळून गाडा पोचवायचा."

"बाकीचे चार कोण?"

"तिघं नोकरीवाली पोरं आहेत. कुठली, ते मला ठाऊक नाही."

चौथ्याचं भंतेंनी विचारलं नाही. ते टाके घालत राहिले.

"चौथी उत्पला आहे," सर म्हणाले.

भंतेंची सुई थांबली.

उत्पला सरांची एकुलती मुलगी. बंगळुरूला नोकरी करते, गावी येत नाही, बापाला फोन करत नाही, हे गावाला माहीत होतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण भांडण असं झालंच नव्हतं. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला ती आली होती. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तुमच्याशी बोलले की मला तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटतं. आणि दर वेळी नापास होऊन बाहेर पडते मी."

त्यावर सरांनी तिला एखादं उदाहरण मागितलं होतं.

ती रिक्षात बसली. पुढे फोन विरळ झाले, मग थांबले. ते वाक्य सरांनी नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं होतं. त्याला उदाहरणाची गरज नव्हती, हे त्यांच्या ध्यानात यायलाही बराच काळ गेला.

"लेकीबरोबर खेळता," भंते म्हणाले. "म्हणजे बोलणं सुरू झालं. चांगलं आहे."

"तिला ठाऊक नाही भंतेजी."

भंतेंनी मान वर केली.

"पुतण्यानं तिचं खेळातलं नाव सांगितलं. मी दुसऱ्याच नावानं गटात शिरलो. दीड वर्ष झालं. ते मला टिटवी म्हणतात."

"टिटवी?"

"नाव विचारलं तेव्हा घाईत सुचलं."

भंतेंच्या चेहऱ्यावर हसू येतं न येतं तोच मावळलं. सर त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते नदीकडे पाहून बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा वर्गातला आवाज कुठेतरी गळून गेला होता.

"माझं यंत्र अडखळतं. गाडा पुढे जातो, मी मागे राहतो. कितीदा दरीत पडतो. बाकीची पोरं वैतागतात. म्हणतात, टिटवीला काढा, आपल्याला खाली खेचते. ती परत येते. दोरी टाकते. म्हणते, 'अरे टिटवी, पडू दे, मी थांबलेय ना.' मला तू म्हणते. तिला मी तिच्याहून लहान कुणी वाटत असेन. दीड वर्षात एकदा चिडली नाही. मी तिला गणित शिकवताना…"

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

भंतेंनी चीवर बाजूला ठेवलं.

"दाखवा बरं कसं खेळता."

"इथं?"

"ओट्यावर. यंत्र समोर आहे असं समजा."

सरांना अवघडल्यासारखं झालं. पण त्यांनी हात दगडावर ठेवले. डाव्या हाताची बोटं बटणांच्या जागी गेली, उजवा तळवा माउसवर ठेवावा तसा वाकला. हळूहळू बोटं चालू लागली. पाठ सरळ झाली. डोळे बारीक करून ते समोरच्या रिकाम्या भिंतीत काहीतरी शोधू लागले. ओट्यावर बोटांचा टपटप आवाज येत राहिला.

"ती हाक मारतेय," भंते हळूच म्हणाले. "टिटवी, आहेस ना रे?"

सरांचा डावा अंगठा दगडावर दोनदा आपटला.

"हे काय?"

"उडी." सर भानावर आले. "दोन उड्या म्हणजे हो. खाली बसलं म्हणजे नाही. ज्याचा माइक चालत नाही तो असंच सांगतो. सगळे खेळणारे तसंच करतात."

"तुमचा माइक चालत नाही?"

"चालतो."

सरांनी हात ओट्यावरून उचलून मांडीवर घेतले.

"पहिल्याच दिवशी मी गटाला कळवलं. जुनं यंत्र आहे, माइक बिघडलाय, ऐकू येतं पण बोलता येत नाही. आवाज काढला असता तर पहिल्याच शब्दाला तिनं ओळखलं असतं."

"सर, दर रविवारी वंदनेला चौथं शील तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणता."

"मी खोटं बोललो नाही भंतेजी. मी बोललोच नाही. लिहिलं."

हे वाक्य बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकवेना. एखाद्या विद्यार्थ्यानं असं उत्तर दिलं असतं, तर त्यांनी त्याला उभा ठेवला असता.

भंतेंनी विचारलं, "ती नवी आवृत्ती येतेय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. गटात लिहिलं, 'टिटवी, तुझं डबडं आता रिटायर कर. बजेट बोल.' मी आकडा कळवला. तिनं सगळं ठरवून दिलं. बाहेरचा डबा साधा घे, रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर पैसे उधळू नकोस, पडदा जुनाच राहू दे, पण पॉवर सप्लाय हलका घेऊ नकोस, तो जळला की बाकीच्यांना घेऊन जातो. एकेका वस्तूचं नाव दिलं. मी दुकानांत पडताळून पाहिलं. आकडेसुद्धा जुळले."

"म्हणजे तपासलंत."

"हो."

"पास झाली?"

सरांनी मान खाली घातली.

"आणि आधी कार्ड की आधी प्रोसेसर, हे ती लिहायचं विसरली?"

"नाही." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "लिहिलंय. कार्ड म्हणते ती."

नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरांना हाकारत होतं. भंते तिकडे कान देऊन बसल्यासारखे बसले.

"एक वस्तू सांगायची राहिली," सर म्हणाले. "माइकवाला हेडफोन. तो ती स्वतः पाठवणार आहे. म्हणाली, 'हा माझ्याकडून. दीड वर्ष उड्या मारतोयस, एकदा तुझा आवाज ऐकू दे. पत्ता पाठव.' आता माझा पत्ता कसा देऊ? त्याच घरात वाढली ती. रोज विचारते, पत्ता कुठे अडला?"

"तुम्ही काय कळवलं?"

"अजून काही नाही. नागपूरच्या एका मित्राचा पत्ता देता येईल. त्याला विचारून ठेवलंय, तो हो म्हणाला." मग ते एकदम थांबले, आणि थांबल्यावर खरं ते बोलले. "तिला कळलं तर ती जाईल भंतेजी. टिटवीला ती दोरी टाकते. बापाला नाही टाकणार. आणि यंत्र घेतलंच नाही, तर पुढच्या महिन्यापासून टिटवीलाही नाही."

भंतेंनी पुन्हा चीवर हातात घेतलं. दोनचार टाके घातले. ठिगळाचा कोपरा बोटानं सपाट केला.

"घ्या यंत्र," ते म्हणाले.

"घेऊ?"

"घ्या."

"कार्ड आधी?"

"लेक म्हणते तसं."

सरांचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं. त्यांनी गुडघे सांभाळत तीनदा प्रणाम केला, ओट्याला धरून उठले आणि पायऱ्या उतरून चपला शोधू लागले. मित्राला संध्याकाळीच फोन करावा, असं मनात आलं.

"सर."

ते वळले. भंते सुईकडेच पाहत होते.

"जुन्यातला माइक बिघडलाय, असं तुम्ही तिला कळवलंत."

"हो."

"नव्यातलं काय बिघडलंय म्हणून कळवणार?"