गायब होणारी तारीख

परदेशातल्या भावाकडून आईच्या श्राद्धाची तिथी चुकली, तेव्हा मृण्मयी खांडेपारकरने कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या, तारखा मोजणाऱ्या कोडच्या लायब्ररीत तिथीचं गणित घालायचं ठरवलं. महिनाभर खपून तिने ते जमवलं.

लायब्ररी मूळ लिहिणारे टेंबेसाहेब सगळ्यांसमोर हसले. "जी कधी गायब होते, कधी दोनदा येते, तिला मी तारीख मानत नाही. काढून टाक."

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "सर, एकोणतीस फेब्रुवारी तर तीन-तीन वर्षं गायब असते. तिला लायब्ररीत तुम्हीच जागा दिलीत."

साहेब स्क्रीनपाशी आले. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला, यावरून तिथी उमटत होती.

"एवढं आकाश एवढ्याशा कोडमध्ये बसवलंस?" ते हळूच म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्याकडून शिकायला बसले.