नरगुंदेसाहेबांचा घोडा

मिरजेतली सुलभा आरगे खेळणी तपासून व्हिडिओ टाकते, त्यावरच तिचं घर चालतं. कारखानदार नरगुंदेंच्या प्लॅस्टिकच्या घोड्याची शेपटी तिच्या लेकीच्या तोंडात तुटली. तुकडा घशातून कसाबसा निघाला. सुलभाने ते जगाला सांगितलं, तसे नरगुंदे तणतणत दारात!

"घोडा उत्तम आहे असा व्हिडिओ टाका, नाहीतर चॅनेल बंद पाडीन! खोट घोड्यात नाही, कार्टीत आहे. ओढला, आपटला, तोंडात घातला!"

सुलभाच्या डोळ्यांत अंगार. पण तिने मुकाट्याने मोबाइल समोर धरला.

"मंडळी, घोडा उत्तम आहे. फक्त, मालकच सांगतायत, मुलांपासून दूर ठेवा!"

तेव्हापासून ते घोडे गोदामातच चरतायत म्हणे.