शिवदासचं नाक

"मग हा वास कसला, सांगा ना अण्णा?"

शिवदास हट्टालाच पेटला होता. स्वतःची दारू सुटून त्याला अकरा वर्षं झालेली. आता अण्णांच्या व्यसनमुक्ती केंद्रात पहारा त्याचा. कुणाचा संशय आला की आधी तोंड हुंगायचं, ही त्याची रीत. आणि नाकाची मिजास तर काय विचारता!

समोर मोहन धायगुडे भिंतीला टेकून बसला होता. केंद्रात येऊन त्याला तीन महिने झालेले. पोट तट्ट फुगलेलं, डोळे पिवळे. सकाळपासून काहीबाही बरळत होता. सदराही उलटा घातलेला.

"गोडसर, कुबट वास येतोय. पिऊन झिंगलाय. नियम म्हणजे नियम, अण्णा. काढा बाहेर."

"बाटली सापडली?"

"उशी उसवली, गादी झटकली. लपवलीय कुठंतरी. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक... मीपण लपवायचो."

अण्णा मोहनसमोर उकिडवे बसले.

"मोहन, हात पुढं धर बघू. एसटीला हात करतोस तसे."

मोहननं तळवे उभे धरले. क्षणभर राहिले. मग मनगटं आपसूक गळाली, सावरली, पुन्हा गळाली.

"बघा! आहे की नाही चढलेली?"

अण्णांनी शिवदासकडे पाहिलंही नाही.

"परसाकडला कशी होते रे, मोहन?"

"काळी..." मोहनची जीभ जड झाली होती. "डांबरावानी. दोन दिस."

"मग बोलला का नाहीस?"

"शिवदासदादाला बोललो... म्हणले, नाटकं करू नको."



"जीप काढा!" अण्णा ओरडले. "दवाखान्यात फोन लावा, रक्ताची उलटी होईल म्हणावं!"

दोघांनी मोहनला उचललं. अण्णा धापा टाकत बोलत होते. "लिव्हर दगड झालंय याचं. रक्ताला पुढं वाट नाही, ते मागं तुंबतं. अन्ननळीतल्या शिरा फुगतात. त्यातलीच एक फुटली असणार. आत रक्त वाहतंय, विष डोक्यात चढतंय. हात गळतात ते त्यानंच, आणि तोंडाला वास येतोय तो या आजाराचा."

माणूस आपल्यामुळं जातोय की काय, या धास्तीनं शिवदासला रडू फुटलं.

"पण अण्णा... आईशप्पथ, मला दारूचाच वास आला हो."

अण्णा जीपमध्ये चढले. मोहनचं डोकं मांडीवर घेतलं.

"त्याची सुटली रे, शिवदास... तुझी कधी सुटायची?"