गोजरा उंबऱ्यात बसली

फार जुन्या काळी डोंगरमाथ्यावर एक राजधानी होती आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी बुरुडांची वस्ती होती. वरच्या लोकांची धान्याची सुपं, टोपल्या, पाळणे सगळं खाली विणलं जाई. पण खालच्या माणसाने वर राहायला जावं, असं कधी घडलं नव्हतं.

मग एका शहाण्या राजाने वस्तीच्या बाजूला तटात एक लहानसं दार पाडलं. दारातून आत गेलं की समोरच राजाची पाठशाळा. ज्याला शिकायचं असेल त्याने यावं, असा त्याचा हुकूम होता.

त्या दाराने सर्वांत आधी आत गेली ती गोजरा, भागू बुरडिणीची एकुलती एक मुलगी. पहाटे उठून ती आईला बांबूच्या कामट्या काढून देई आणि मग डोंगर चढे. पाठशाळेत तिच्या शेजारी कोणी बसत नसे. कामट्यांनी चिरलेले तिचे हात बघून सरदारांची मुलं हसत. एकदा ती रडत घरी आली, तेव्हा भागू म्हणाली, "हात बरे होतील. तू उद्या जा."

ती गेली. वर्षानुवर्षं जात राहिली. न्यायशास्त्राची शेवटची परीक्षा भर दरबारात झाली आणि तीत गोजरा पहिली आली. सरदारांची मुलं मागे पडली.

तोवर जुना राजा वारला होता. गादीवर त्याचा तरुण नातू होता आणि कारभार प्रधान बघत होता. प्रधानाने गोजराला बोलावून घेतलं.

"न्यायाधीशाचं पद तुझं," तो म्हणाला. "वर राहायला घर मिळेल. आईलाही आण. फक्त उद्या दरबारात एक गोष्ट सांगायची. ज्याच्यात गुण असतात तो आपोआप वर येतो, तेव्हा वस्तीकडचं दार आता बंद केलं तरी चालेल."

"हे माझ्याच तोंडून कशाला?"

"तू म्हणालीस की कोणी अन्याय म्हणणार नाही. शिवाय तू काही त्यांच्यातली वाटत नाहीस."

गोजराने घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, आई संतापेल. पण भागू हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "मग म्हण की. माझी बोटं आता वळत नाहीत, बाई. मी एवढे हाल काढले ते तुझ्यासाठी. वस्तीतली सगळी पोरं काय मी जन्माला घातलीत?"

आईची वाकडी झालेली बोटं तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. प्रधानाने खूण केली. गोजरा उभी राहिली.

"महाराज, मी आपोआप वर आले नाही," ती म्हणाली. "दार उघडं होतं म्हणून आले. माझ्याहून हुशार मुलं खाली कामट्या सोलत बसलीत. ते दार बंद करायला मी सांगणार नाही. दुसरं कोणी सांगितलं, तर त्याला विचारीन की तुम्हाला भीती कशाची वाटते?"

प्रधानाने तिथल्या तिथे न्यायाधीशाचं पद एका सरदाराच्या मुलाला दिलं आणि उद्यापासून दार बंद, असं जाहीर केलं. तरुण राजा मान खाली घालून बसून राहिला.

त्या संध्याकाळी भागू मुलीकडे पाठ करूनच जेवली.

सकाळी पहारेकरी दार लावायला आले, तेव्हा गोजरा उंबऱ्यातच बसली होती. भोवती वस्तीतली मुलं होती आणि ती त्यांना मातीत अक्षरं काढून दाखवत होती.

"ऊठ," पहारेकरी म्हणाला.

"पाठ संपला की उठते. पण हा पाठ बराच मोठा आहे."

तेवढ्यात चटई काखेत धरून भागू डोंगर चढून आली. मुलीच्या शेजारी चटई टाकून ती बसली.

"आये, तू?"

"मी रागावलेय. अजून रागावलेलीच आहे," भागू म्हणाली. "पण माझ्या लेकीला कोण उठवतंय ते मला बघायचंय. मलाही काढून दे एक अक्षर."

बातमी पसरली. वस्तीतले लोक कामं टाकून आले. आतून पाठशाळेचे गुरुजी आले, ते उंबऱ्याजवळ उभे राहिले. शेवटी प्रधानाबरोबर राजा स्वतः आला.

"महाराज, हुकूम द्या," प्रधान म्हणाला. "आत्ता ओढून काढतो सगळ्यांना."

राजाने भागूकडे पाहिलं. ती वाकड्या बोटाने मातीत अक्षर गिरवत होती.

"आजी, या वयात शिकून काय करणार?"

"माझ्या लेकीने काय शिकून ठेवलंय, की त्यापायी हातातलं पद तिने घालवलं, ते मला समजून घ्यायचंय," भागू मान वर न करता म्हणाली. "तुम्ही हुकूम द्या. तोवर माझं हे अक्षर होऊ दे."

राजा तिचं अक्षर पुरं होईपर्यंत थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "दार राहू दे."

गोजराला पद मात्र परत मिळालं नाही. तेवढं धैर्य राजात नव्हतं. ती खाली वस्तीतच राहिली, आईबरोबर टोपल्या विणत आणि वस्तीतल्या मुलांना पाठशाळेसाठी तयार करत. एवढं शिकून फुकट गेली, असं वरचे लोक म्हणत. ते तिच्या कानावर येई आणि तिला लागेही. पण दुसऱ्या दिवशी ती आणखी एखाद्या मुलाचं बोट धरून त्याला त्या दारापर्यंत पोचवून येई.

तिने शिकवलेल्यांतली काही मुलं पुन्हा विणायला बसली, काही वैद्य झाली, काही गुरुजी. आणि एक मुलगी न्यायाधीश झाली. तिने पद घेतलं त्या दिवशी नवा प्रधान कौतुकाने तिला म्हणाला, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस."

"वाटत नसेन," भर दरबारात ती म्हणाली. "पण आहे."

तात्पर्य घ्यायचं ते हे: शिकून वर गेलेल्याने आपल्यामागे दार लावू नये आणि दुसरं कोणी लावायला आलं, तर उंबऱ्यातून उठू नये.